पंजाबीने कोणाचे काय बिघडविले?

पाकिस्तानच्या लष्करात पंजाबी अधिकाऱ्यांचा भरणा, सनदी नोकरशाहीत पंजाब्यांचा वरचष्मा आणि देशाच्या लोकसंख्येतही निम्म्याहून अधिक वाटा एकट्या पंजाब प्रांताचा. असे असूनही लाहोरच्या प्रांतिक विधानसभेत एखाद्या सभासदास आपल्या आईच्या भाषेत बोलावयाचे झाले, तर त्याला सभापतींची परवानगी मागावी लागत असे. सभागृहाच्या भाषा दोनच: उर्दू आणि इंग्रजी. हा नियम बदलून पंजाबी, सराइकी, पोठोहारी आणि मेवाती या भाषांना सभागृहाचे दार उघडले गेले ते २०२४ साली. म्हणजे पाकिस्तानच्या स्थापनेनंतर तब्बल ७७ वर्षांनी.

राज्यकर्त्या प्रांताची भाषा राज्यकारभाराच्या उंबऱ्याबाहेर, हे चित्र वरवर पाहता विपरीत वाटते. तेथील सत्ताधारी मंडळी त्याला त्याग म्हणत आली आहेत. राष्ट्राच्या ऐक्यासाठी पंजाब्याने आपली मातृभाषादेखील बाजूस ठेवली. मग बंगाल्याने, सिंध्याने, बलुचाने का ठेवू नये? हा युक्तिवाद ऐकावयास उदात्त वाटतो. तो कोणी केला, कोणाच्या जोरावर केला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे मात्र नीट तपासले पाहिजे. कारण या युक्तिवादाची भावंडे सीमेच्या अलीकडेही सुखाने नांदत आहेत.

पंजाबात उर्दू राज्यकारभाराची भाषा झाली ती मुसलमानांमुळे नव्हे, इंग्रजांमुळे. महाराजा रणजितसिंगांचा दरबार शिखांचा होता, पण त्याचे दप्तर फारसीत चाले. १८४९ मध्ये कंपनी सरकारने पंजाब खालसा केला आणि पुढील काही वर्षांतच खालच्या कचेऱ्यांत व न्यायालयांत फारसीच्या जागी उर्दू आली. दिल्लीकडून आणलेल्या कारकुनांना ती येत होती, साहेबांना ती शिकविली गेली होती. सरकारला एवढे कारण पुरेसे होते. रयतेची भाषा कोणती, हा प्रश्न रयतेला विचारण्याची पद्धत त्या राज्यात नव्हती. त्यातून जो मुनशी, वकील, तहसीलदारांचा वर्ग उभा राहिला, त्यात हिंदू, मुसलमान, शीख सारेच होते. घरी पंजाबी, कचेरीत उर्दू आणि बढतीसाठी इंग्रजी, अशी तीन पायऱ्यांची शिडी त्या वर्गाने पत्करली. शेतकरी पहिल्या पायरीवरच राहिला. सारा भरल्याची पावती त्याच्या हाती पडे, ती वाचावयास त्याला मुनशीकडेच जावे लागे.

नोकऱ्यांसाठी चढाओढ लागली तेव्हा या मध्यमवर्गाने भाषेचे धर्मांतर घडवून आणले. १८८२ च्या हंटर आयोगापुढे पंजाबातून निवेदनांचा पाऊस पडला. मुसलमान पुढाऱ्यांनी उर्दू मागितली, आर्य समाजी हिंदूंनी नागरी लिपीतील हिंदी मागितली आणि सिंग सभेच्या शिखांनी गुरुमुखीतील पंजाबी मागितली. ज्यांच्या चुलीपाशी एकच भाषा बोलली जात होती, त्यांनी कागदावर तीन भाषा लिहून दिल्या! या प्रकारातील विनोद पुढे तर आणखीच रंगला. हिंदीच्या रक्षणार्थ लेखण्या परजणारी लाहोरची आर्य समाजी वृत्तपत्रे, 'प्रताप' आणि 'मिलाप', स्वतः उर्दूत छापली जात होती. कारण त्यांच्या हिंदू वाचकांना नागरी अक्षर वाचण्याचा सराव नव्हता.

१९२४ मध्ये पंजाबच्या भाषेच्या व लिपीच्या प्रश्नावर एका सतरा वर्षांच्या तरुणाने निबंध लिहिला. त्याचे नाव भगतसिंग. प्रत्येक संप्रदाय आपापली भाषा कवटाळून बसला आणि पंजाबची म्हणून जी भाषा, तिचा वाली कोणी उरला नाही, ही खंत त्याने त्या वयात व्यक्त केली होती. पंजाबी नागरी लिपीत लिहावी हा त्याचा उपाय वादग्रस्त होता. रोगाचे निदान मात्र अचूक होते. ज्या भाषेत बाबा फरीदांची वचने ग्रंथसाहिबात स्थान मिळवितात आणि ज्या भाषेतील वारिस शाहची 'हीर' तिन्ही धर्मांचे लोक एका कट्ट्यावर बसून ऐकत आले, ती भाषा कोणा एका धर्माची ठरविण्यास विलक्षण कोडगेपणा लागतो. पंजाबच्या शिकलेल्या वर्गाने तो दाखविला.

फाळणीनंतर हाच कोडगेपणा राष्ट्रीय धोरण बनला. फेब्रुवारी १९४८ मध्ये पाकिस्तानच्या घटना समितीत कोमिल्लाचे धीरेंद्रनाथ दत्त यांनी एवढेच मागितले, की सभागृहाच्या कामकाजात उर्दू व इंग्रजीबरोबर बंगालीसही स्थान असावे. देशातील निम्म्याहून अधिक लोकांच्या भाषेसाठी केलेली ही अत्यंत माफक मागणी होती. मुस्लिम राष्ट्राची भाषा उर्दूच असली पाहिजे, असे म्हणून पंतप्रधान लियाकत अलींनी ती झिडकारली. पुढल्याच महिन्यात जीनांनी ढाक्यास जाऊन राज्यभाषा उर्दू आणि केवळ उर्दूच राहील, असे बजाविले. हे बजाविणारे भाषण इंग्रजीत झाले! जीनांची स्वतःची मातृभाषा गुजराती होती. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. १९५६ च्या राज्यघटनेत बंगालीला उर्दूच्या जोडीने मान्यता देणे भाग पडले. पण तोवर बंगाली माणसाला जे कळावयाचे ते कळून चुकले होते. १९७१ मध्ये त्या राष्ट्राचे दोन तुकडे झाले. वयाची ऐंशी ओलांडलेल्या धीरेंद्रनाथ दत्तांना त्याच वर्षी लष्कराने घरातून उचलून नेऊन ठार केले.

पंजाबी राज्यकर्त्यांच्या त्यागाचे रहस्य येथे उलगडते. स्वतःच्या भाषेवर हक्क सांगितला असता, तर बंगालीचा हक्क नाकारण्याची सोय राहिली नसती. प्रांतांच्या भाषांना स्थान द्यावयाचे तर लोकसंख्येचे गणित पुढे येणार आणि त्या गणितात बंगाल वरचढ ठरणार. म्हणून १९५५ मध्ये पश्चिमेकडील सारे प्रांत मोडून त्यांचे एक कडबोळे करण्यात आले. सिंधी, पठाण, बलुच यांची ओळख त्यात पुसली गेली आणि सत्तेची सूत्रे लाहोरच्या हाती राहिली. आपली भाषा सोडणे हा दुसऱ्याची भाषा हिरावण्याचा परवाना होता. ज्याला त्याग म्हटले गेले, ती वस्तुतः गुंतवणूक होती.

आणि ती कोणाच्या खात्यातून झाली? लाहोरच्या एचिसन कॉलेजात १८८६ पासून जमीनदारांची मुले इंग्रजीत शिकत आहेत. त्यांचे पंजाबीवाचून काही अडले नाही आणि उर्दूवाचूनही फारसे अडले नाही. १९७३ च्या राज्यघटनेने पंधरा वर्षांत इंग्रजीच्या जागी उर्दू आणण्याची व्यवस्था करावयास सांगितले होते. ती मुदत १९८८ मध्ये संपली. २०१५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाला या कलमाची अंमलबजावणी करा, असा आदेश द्यावा लागला. तरीही वरच्या न्यायालयांत आणि वरच्या कचेऱ्यांत इंग्रजी ठाण मांडून आहे. याचा अर्थ असा, की उर्दूच्या नावाने बंगाल्यावर गोळी झाडणाऱ्यांना उर्दूदेखील नकोच होती. मजूर आणि शेतकऱ्यांच्या मुलांसाठी उर्दू, साहेबांच्या मुलांसाठी इंग्रजी आणि पंजाबी उरली ती शिवीगाळीस, थट्टेस व नोकरांना हाका मारावयास. २०२३ च्या जनगणनेनुसार पंजाबी ही पाकिस्तानातील सुमारे ३७ टक्के लोकांची मातृभाषा आहे, उर्दू सुमारे ९ टक्क्यांची. तरीही लाहोर जिल्ह्यातील खेड्यात सहा वर्षांचे पोर शाळेत पाऊल टाकते ते परभाषेतच. पंजाबचे माजी मुख्यमंत्री हनीफ रामे यांनी १९८५ मध्ये पंजाबची बाजू मांडणारे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे नाव 'पंजाब का मुकद्दमा'. पंजाबीत ते 'पंजाब दा मुकद्दमा' झाले असते! फिर्यादीची कैफियतही परक्या भाषेत लिहावी लागावी, याहून मोठा पुरावा कोणता?

भारतातील राष्ट्रवाद्यांनी हे वाचून खूष होण्याचे कारण नाही. येथे तर भाषा नाकारण्यासाठी गोळ्याही लागल्या नाहीत, शिरगणतीचा तक्ता पुरला. पंजाबातील हिंदूंना मातृभाषा हिंदी सांगण्याचा उपदेश इतक्या जोरात झाला, की १९५१ च्या जनगणनेत तेथील हिंदी व पंजाबी भाषिकांचे आकडे वेगळे देणे सरकारला सोडून द्यावे लागले. १९५७ मध्ये हिंदी रक्षणाचे आंदोलन झाले. १९६१ मध्ये राज्यातील पंजाबी भाषिक ४१ टक्के आणि हिंदी भाषिक ५५ टक्क्यांहून अधिक नोंदले गेले. त्या वेळच्या राज्यात हरियाणाचा मुलूख होता हे खरे. पण जालंधर, अमृतसरच्या बाजारपेठेतील दुकानदार प्रगणकाला आपली मातृभाषा हिंदी असल्याचे पंजाबीत सांगत होता, हेही तितकेच खरे. या खोटेपणाचा फायदा दिल्लीच्या सरकारने घेतला. १९५६ मध्ये देशभर भाषावार राज्ये झाली, पण पंजाबी सुभ्याची मागणी धर्माची मागणी ठरविली गेली आणि १ नोव्हेंबर १९६६ पर्यंत लोंबकळत ठेवली गेली. अकाली नेतृत्वही काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. पंजाबी आणि पंथ यांची गाठ त्यांनीही घट्ट मारली. परंतु हिंदूने मातृभाषा टाकून दिल्यावर ती शिखाची एकट्याची झाली, यात शिखाचा दोष किती? १९८० च्या दशकात त्या भूमीत जे रक्त सांडले त्याला इतर अनेक कारणे होती. शेजाऱ्याने शेजाऱ्याची बोली आपली नाही म्हणावी, हे त्या कारणांतून वगळता येणार नाही.

महाराष्ट्राचा अनुभव याहून वेगळा झाला तो योगायोगाने नव्हे. संयुक्त महाराष्ट्राची मागणी कोणत्या धर्माच्या मराठीसाठी आहे, असे कोणी विचारले नाही आणि विचारण्याची सोयही नव्हती. डफ घेऊन त्या चळवळीची गावे पेटविणाऱ्या शाहिराचे नाव अमर शेख होते. पण या पुण्याईवर किती दिवस जगावयाचे? अकोला जिल्ह्यातील पातूर नगर परिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दूत नाव लिहिले म्हणून खटला उभा राहिला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. भाषा म्हणजे धर्म नव्हे, हे त्या न्यायालयाला एप्रिल २०२५ मध्ये निकालपत्रात लिहून द्यावे लागले. ज्या मातीत सिराज औरंगाबादीने गझला लिहिल्या, त्या महाराष्ट्रात उर्दू परकी ठरविण्याची हिंमत व्हावी आणि ती करणाऱ्यांनी स्वतःस मराठीचे अभिमानी म्हणवावे! २०११ च्या जनगणनेत या राज्यातील सुमारे पाऊण कोटी लोकांनी उर्दू ही आपली मातृभाषा नोंदविली आहे. त्यांत ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जाते आणि मुसलमान म्हणजे उर्दू एवढ्याच समजुतीने ज्यांनी उर्दू लिहविली, असेही असतील. चिपळूणकडचे हमीद दलवाई आयुष्यभर मराठीत लिहीत राहिले, त्याचा अर्थ मुस्लिम समाजाच्या पुढाऱ्यांनी अजून लक्षात घेतलेला नाही. जालंधरचा दुकानदार दोन्ही धर्मांत सापडतो.

समाजवाद्यांनाही या बाबतीत हात झटकता येत नाहीत. १९६७ मध्ये बिहारात काँग्रेसला हटवून जे संयुक्त सरकार आले, त्यात समाजवादी होते आणि जनसंघही होता. उर्दूला दुसऱ्या राजभाषेचे स्थान देण्याचा प्रश्न निघताच विरोधाची आग भडकविण्यात आली आणि ऑगस्टमध्ये रांचीत दीडशेहून अधिक माणसे मारली गेली. इंग्रजी हटविण्याची घोषणा योग्यच होती. इंग्रजीच्या रिकाम्या खुर्चीवर कोण बसणार, याचा विचार मित्रपक्षांवर सोपविला गेला, ही चूक होती.

उर्दूचा यात अपराध नाही, हे निक्षून सांगितले पाहिजे. इक्बाल आणि फैज सियालकोटकडचे, मंटो लुधियाना जिल्ह्यातला, राजिंदरसिंग बेदी शीख. या पंजाब्यांनी उर्दूला जे दिले त्याला तोड नाही आणि ते त्यांनी कोणाच्या हुकमाने दिले नाही. एवढेच, की फैजसारख्या कष्टकऱ्यांच्या कवीनेही पंजाबीत अगदी मोजके लिहिले. कामगारांची सभा पंजाबीत, ठराव उर्दूत आणि पक्षाचा दस्तऐवज इंग्रजीत, ही सवय लाहोरच्या डाव्यांना जशी जडली तशी इतरत्रही जडलेली आहे.

दरवर्षी २१ फेब्रुवारीस लाहोरात पंजाबीसाठी मोर्चे निघतात. प्राथमिक शाळेत पंजाबी शिकवा, ही त्यांची मुख्य मागणी. हा दिवस जगभर मातृभाषा दिन म्हणून पाळला जातो, तो ढाक्यात पडलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ. पंजाब्यांच्या वरचष्म्याखालील राज्यसत्तेने ज्यांच्यावर गोळ्या चालविल्या, त्यांच्याच स्मृतिदिनी पंजाबचे तरुण आपली भाषा परत मागण्यासाठी रस्त्यावर येतात.