सहाध्यायातून रसायनशास्त्र : वनांचलाची गरज

एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघते. बल्लारपूरला कागद होतो, चंद्रपूरच्या परिसरात कोळसा व सिमेंट. रसायनशास्त्राची एवढी मोठी प्रयोगशाळा ज्यांच्या अंगणात आहे, त्या वनवासी मुलांनाच दहावीचे रासायनिक समीकरण परके वाटावे, हा दैवदुर्विलास होय. खनिजाचे पृथक्करण करणारा रसायनज्ञ बाहेरून यावा आणि भूमिपुत्राने घमेले उचलावे, ही विभागणी पुढच्या पिढीतही चालणार काय?

दोष मुलांच्या बुद्धीचा नाही. घरी गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या मुलावर ‘आम्लारी’, ‘उदासिनीकरण’, ‘संयुजा’ हे शब्द एकदम येऊन आदळतात. शंका विचारण्याइतकी ग्रांथिक मराठी त्याच्या जिभेवर नसते. तीच शंका शेजारच्या मित्राला तो आपल्या बोलीत सहज विचारतो. सहकारी अध्ययनाचे मर्म एवढ्यात आहे.

अमेरिकेतील ऑस्टिन शहरात १९७१ मध्ये एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने धड्याचे तुकडे करून गटातील प्रत्येकाला एकेक दिला व तो इतरांना शिकवावयास लावला. जगाला हे नवे वाटले. आपल्याकडील एक जुने सुभाषित मात्र सांगते, की विद्येचा पाव भाग आचार्यांकडून, पाव स्वबुद्धीने, पाव सहाध्यायींकडून आणि उरलेला काळाच्या ओघात मिळतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेलने मुलांकरवी मुलांना शिकविण्याचा प्रयोग मद्रासेत केला. इंग्लंडमध्ये तो ‘मद्रास पद्धत’ म्हणूनच रूढ झाला. त्यामागील देशी शाळांचे ऋण धरमपाल यांनी १९८३ च्या ग्रंथात पुराव्यानिशी मांडले. गोंड समाजाच्या घोटुलातही तरुण पिढी एकमेकांच्या संगतीनेच घडत आली. तेव्हा ही पद्धत वनांचलाला उपरी नाही.

वर्गात हे कसे घडावे? ‘धातुविज्ञान’ शिकताना चौघांच्या गटात एकाने खनिज, दुसऱ्याने क्षपण, तिसऱ्याने समीकरणाचे संतुलन आणि चौथ्याने गंजणे समजून घ्यावे व इतरांना सांगावे. बोलणे गोंडीत झाले तरी हरकत नाही, लेखन मराठीत व्हावे. प्रयोगशाळा अपुरी असेल तेथे हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी घालावी. ते लाल होते. वर चिंचेचा कोळ घालत गेल्यास पुन्हा पिवळे होते. उदासिनीकरण डोळ्यांना दिसते.

एक सावधगिरी मात्र हवी. हुशार मुलाने लिहावे व तिघांनी उतरवावे, असे झाले तर गट म्हणजे केवळ गर्दी. म्हणून परीक्षा प्रत्येकाची स्वतंत्र घ्यावी आणि गटाचे यश त्यातील सर्वांत मागे राहिलेल्या मुलावरून मोजावे. अशा वर्गात शिक्षकाचे काम घटत नाही, वाढते.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने सहाध्यायींकडून शिकण्याला मान्यता दिली आहे. पण धोरणे वर्ग घेत नाहीत, माणसे घेतात. विज्ञानाचे सेवानिवृत्त शिक्षक शहरोशहरी आहेत. वर्षातील पंधरा दिवस त्यांनी एखाद्या आश्रमशाळेला दिले, तर सुरजागडच्या खनिजाची परीक्षा उद्या एटापल्लीचाच तरुण करील. समाज म्हणून आपले उत्तरदायित्व ते हेच.