फॉरमॅट मारण्याआधी थांबा, बॉस!

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १० रिटायर झाली. ऑफिसात तुम्हाला त्याची फारशी झळ लागली नसेल. आयटीवाल्यांचा मेल आला असेल, एका दुपारी कुणीतरी तुमचा लॅपटॉप उचलून नेला असेल आणि संध्याकाळी विंडोज ११ टाकून परत आणून दिला असेल. कॉर्पोरेट लाइफची हीच तर मजा आहे. मशीन बिघडलं की तिकीट टाकायचं आणि कॉफी मशीनकडे सटकायचं.

पण मंडळी, आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या गावच्या घरात एक वेगळाच प्राणी राहतो. भरतकाम केलेल्या रुमालाखाली झाकलेला, कॅबिनेटचं एक झाकण कायम उघडं असलेला, सुटे पार्ट आणून घरीच जोडलेला असेम्बल्ड पीसी. आणि त्यात चालते ती विंडोज एक्सपी. २००१ साली आलेली, आणि ८ एप्रिल २०१४पासून कंपनीने वाऱ्यावर सोडलेली. तिच्यानंतरची विंडोज ७सुद्धा १४ जानेवारी २०२०ला पेन्शनीत गेली. पण आमच्या एक्सपीला हे कुणी सांगितलेलंच नाही!

आमच्या म्हणजे माझ्या मामाच्या. मामाचं यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याला छोटंसं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, शाळांचे प्रगतिपत्रक, कुणाच्या तेरवीचं निमंत्रण. २०११ साली मी आणि मामेभावाने नागपूरहून पार्ट आणून त्याला पीसी जोडून दिला. तेव्हा बाजारात विंडोज ७ आली होती, तरी आम्ही एक्सपीच टाकली. कारण साधं होतं. मामाचं सगळं काम पेजमेकरमध्ये, मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर जुनं, आणि त्याचा डोंगल लागायचा तो मागच्या त्या लांबुळक्या प्रिंटर पोर्टला. हे त्रिकूट एक्सपीवरच नांदायचं. पेजमेकरचं ७ हे शेवटचं व्हर्जनही २००१चंच. म्हणजे दोघं एकाच वर्षीचे, दोघंही रिटायर झालेले आणि एकमेकांवाचून करमत नसलेले!

तर गेल्या तुळशीच्या लग्नानंतर, ऐन सीझनमध्ये, मामाचा फोन आला. मी पुण्यात, मीटिंगमधून बाहेर पडलेलो.

"अरे, निया पडदा येते न जाते. थो पोरगा म्हणते फॉरमॅट मारा लागते. मारू का?"

"मामा, थांबा. काही मारू नका. कशालाच हात लावू नका."

घाई व्हायचं कारण पत्रिका नव्हत्या. त्या मशीनमध्ये आजीच्या ओव्या होत्या. आजी जात्यावर म्हणायची त्या, २०१२च्या उन्हाळ्यात मामाने तिच्यासमोर बसून एकेक टाइप केलेल्या. आजी आता नाही. त्या ओव्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. ना कागदावर, ना पेन ड्राइव्हवर. 'छापू एकदा सवडीने' म्हणत राहून गेलेल्या. आणि फॉरमॅट मारणं म्हणजे घराचं कुलूप उघडत नाही म्हणून घरच पाडणं.

मग लंच टाइममध्ये व्हिडिओ कॉलवर चौकशी सुरू झाली. ट्रबलशूटिंगचा पहिला फंडा हा, की काय बिघडलंय ते विचारण्याआधी मधल्या काळात काय बदललं ते विचारायचं. मामा-मामी तीन आठवडे मुलीकडे गेले होते. जाताना मामाने शहाण्या माणसासारखा दुकानाचा मेन स्विच बंद केला. परत येऊन पीसी चालू केला तर आधी काळ्या पडद्यावर एक सूचना, 'एफ१ दाबा'. मामाने दाबलं. मग विंडोजचा लोगो, मग डोळ्याची पापणी लवते न लवते तोच निळा पडदा, आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू. गोल गोल.

"मामा, त्या काळ्या पडद्यावर तारीख काय दिसते?"

"एक जानेवारी, दोन हजार अकरा."

सही! निम्मी केस इथेच सुटली. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो, सीआर२०३२ नावाचा, ३ व्होल्टचा. घरातल्या वजनकाट्यात, कारच्या रिमोटमध्ये असतो, तोच. वीज नसताना मशीनचं घड्याळ आणि बायोसच्या सेटिंग्ज तो जागत्या ठेवतो. पीसी प्लगमध्ये असला की सेलवर भार पडत नाही, म्हणून वर्षानुवर्षं खपून जातं. मेन स्विच तीन आठवडे बंद राहिला आणि म्हाताऱ्या सेलने मान टाकली. मशीनला स्मृतिभ्रंश झाला. तारीख गेली, आणि तारखेसोबत आणखी काय काय गेलं ते बघायचं होतं.

उरलेली केस त्या निळ्या पडद्यात होती. तो पडदा शिवी नसतो राव, चिठ्ठी असते. पण एक्सपी ती वाचूच देत नाही, आपणहून रीस्टार्ट होते. म्हणून चालू होताना एफ८ दाबत राहायचं आणि येणाऱ्या यादीतून बिघाड झाल्यावर आपोआप रीस्टार्ट होणं बंद करायचं. मामाने चौथ्या प्रयत्नात ते जमवलं. पडदा थांबला. मी त्याला फक्त शेवटची दोन अक्षरं वाचायला सांगितली.

"सात आन् बी."

स्टॉप कोड ७बी. अर्थ असा की विंडोजला तिची स्वतःची हार्ड डिस्कच सापडत नाहीये. डिस्क मेलेली नाही, सापडत नाहीये. हा फरक लाखमोलाचा आहे. झालं असं होतं: सेल गेल्यावर बायोस कारखान्यातल्या सेटिंगवर परत गेला. त्या सेटिंगमध्ये डिस्कशी बोलण्याची पद्धत होती एएचसीआय. एक्सपीच्या सीडीत त्या भाषेचा ड्रायव्हरच नसतो. इन्स्टॉल करताना एफ६ दाबून फ्लॉपीवरून द्यावा लागायचा, आणि २०११मध्ये फ्लॉपी कुणाकडे होती? म्हणून आम्ही तेव्हा बायोसमध्ये जुनी आयडीई पद्धत निवडून एक्सपी टाकली होती. सेल गेला, आयडीई गेलं, एक्सपी आंधळी झाली. एवढंच!

त्या दुरुस्तीवाल्या पोराला मी दोष देणार नाही. त्याच्या जन्माच्या आसपासची सिस्टिम, त्याने कुठून शिकायची? आणि दहातल्या नऊ मशीन त्याच्याकडे येतात त्या फॉरमॅटने खरंच बऱ्या होतात. दहावीत कुणाच्या आजीच्या ओव्या असतात, हे त्याला कोण सांगणार?

तरी फोनवरून बायोस बदलायला मी मामाला सांगितलं नाही. शुक्रवारी रात्रीची ट्रॅव्हल्स धरली, सकाळी यवतमाळ, तिथून एसटीने दारव्हा. बॅगेत तीन गोष्टी होत्या: सीआर२०३२चा सेल, हार्ड डिस्क यूएसबीला जोडायचा अडॅप्टर आणि एक रिकामी पोर्टेबल डिस्क.

दुसरा फंडा: दुरुस्ती नंतर, कॉपी आधी. प्लग काढला, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली, हार्ड डिस्क बाहेर काढली आणि माझ्या लॅपटॉपला लावून सगळा डेटा उतरवून घेतला. (डिस्क टक-टक आवाज करत असेल तर मात्र हे करू नका. ती बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.) मामी चहा घेऊन आली तेव्हा ओव्यांची फाइल दोन ठिकाणी होती. मग कुठे माझा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर बाकीची तपासणी. रॅम काढून तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवला. मदरबोर्डवरचे कपॅसिटर, म्हणजे ते छोटे उभे डबे, वरून सपाट आहेत ना, ते पाहिलं. फुगलेले असले तर बोर्डाचे दिवस भरलेत समजा. एसएमपीएसचा पंखा साफ केला, त्यात कापसाचा बोळा अडकला होता. यवतमाळ जिल्हाच तो, कापूस सापडणारच! नवा सेल बसवला, तारीख भरली, बायोसमध्ये एएचसीआयचं आयडीई केलं. एक्सपीची ती हिरवीगार टेकडी पडद्यावर आली तेव्हा मामा म्हणाला, "पाय, चालू झाला न. मंग नवा कायले घ्याचा?"

या प्रश्नावर शहरातला माणूस पटकन हसतो. पण दारव्ह्याला हा प्रश्न फार गंभीर असतो. हे गाव शकुंतलेच्या वाटेवरचं. यवतमाळ ते मूर्तिजापूर नॅरोगेजवर १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९२३पासून थेट १९९४पर्यंत गाडी ओढत होतं, मग डिझेल आलं. आता ती गाडी धावत नाही, पण तिच्या शिट्टीवर मोठी झालेली माणसं चालणारी वस्तू टाकून कशी देतील?

मामाला मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. इंजिनाचा एखादा भाग झिजला तर वर्कशॉपमध्ये तसाच नवा घडवता येतो. मामाच्या पीसीचंही तेच. सेल बदला, रॅम बदला, एसएमपीएस बदला. लोखंड आपल्या हातात असतं. सिस्टिमचं तसं नाही. तिच्यात भोक पडलं तर ते बुजवण्याचा माल फक्त तिच्या मालकाकडे असतो, आणि मालकाने दुकान बंद केलंय. मे २०१७मध्ये वॉनाक्राय व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला तेव्हा मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून एक्सपीसाठीही पॅच काढला. पण अपवादाच्या भरवशावर दुकान चालत नाही. क्रोमने तर २०१६च्या एप्रिलमध्येच एक्सपीची साथ सोडली. थोडक्यात, जुनं मशीन दुरुस्त करता येतं, पण जुनी सिस्टिम फक्त सांभाळता येते.

सांभाळायची म्हणजे कशी? आम्ही इंटरनेटची वायर काढून ठेवली. मामाचा पीसी आता फक्त पेजमेकर आणि प्रिंटर ओळखतो. पेन ड्राइव्ह एकच, तोही आधी नव्या मशीनवर तपासून. (पेन ड्राइव्हमधले सगळे फोल्डर गायब करून शॉर्टकट ठेवणारा व्हायरस आठवतोय ना? तो अजून कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये झोपलाय.) आणि बायोसमधल्या महत्त्वाच्या सेटिंगचा मोबाइलने फोटो काढून, प्रिंट करून कॅबिनेटच्या आत चिकटवला. पुढच्या वेळी सेल गेला तर कुणी फॉरमॅट म्हणणार नाही.

आता खरी मेख. ओव्यांची फाइल हातात आली, पण माझ्या लॅपटॉपवर उघडली तर काय? सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ! जुन्या मराठी फॉन्टमध्ये 'क' हा खरा 'क' नसतो. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट गेला की चित्र गेलं. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१पासून स्वतःची जागा आहे, आणि एक्सपीतही र. कृ. जोशींनी घडवलेला मंगल फॉन्ट होताच. पण पेजमेकरला युनिकोड कळत नाही, त्यामुळे छपाईवाल्यांचं सगळं विश्व जुन्याच फॉन्टमध्ये राहिलं. पीडीएफ केली तर ओव्या दिसतात, पण शोधता येत नाहीत, नातवाला मेसेजमध्ये पाठवता येत नाहीत.

म्हणून कन्व्हर्टर चालवला. आणि कन्व्हर्टर कुठे अडखळतो ते बघा. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर लागते. रफाराचं बरोबर उलटं. त्यामुळे कुठे वेलांटी शेजारच्या घरी गेलेली, कुठे रफार हवेत लटकलेला. शनिवार-रविवारच्या दोन संध्याकाळी आम्ही बसलो. मामी जुन्या पडद्यावरून मोठ्याने वाचायची, मी नव्या पडद्यावर दुरुस्त करायचो. मधेच मामी वाचता वाचता चालीवर जायची, आणि मग दुरुस्ती थांबायची. ती चाल फाइलमध्ये नव्हतीच. रविवारी मी मोबाइलवर तीही रेकॉर्ड करून घेतली.

तर दोस्तहो, पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा त्या रुमालाखालच्या पीसीला भंगार म्हणण्याआधी एक प्रश्न विचारा: याच्यात असं काय आहे, जे दुसरीकडे कुठेच नाही? बाबांचे जमिनीचे हिशेब असतील, ताईच्या लग्नाचे फोटो असतील, कुणाचं अर्धवट आत्मचरित्र असेल. बॅगेत एक सेल, एक अडॅप्टर आणि एक रिकामी डिस्क टाका. तिन्ही मिळून एका वीकेंडच्या मल्टिप्लेक्स-डिनरपेक्षा फार महाग पडत नाहीत. आणि तुमच्याही लॅपटॉपमध्ये विंडोज १० असेल, आणि टीपीएम २.० नाही म्हणून ११ चढत नसेल, तर घाबरून लगेच फेकू नका. आधी आतलं सगळं बाहेर काढा, मग तो ऑफलाइन ठेवायचा की त्यावर लिनक्स टाकायचं ते निवांत ठरवा.

मामाने मात्र नवा पीसी घ्यायला होकार दिलाय. एका अटीवर. जुना त्याच्या शेजारीच राहील.