फुलांचा चहा आणि निर्धास्त मन

जी वस्तू फुलापासून निघाली ती अपाय करणारच नाही, अशी जी भाबडी समजूत सुशिक्षित वर्गात हल्ली दृढमूल झाली आहे, तिचा समाचार घेणे अगत्याचे आहे. 'हिबिस्कस टी' म्हणून जो लालभडक, आंबट काढा विकला जातो, तो आपल्या गणपतीच्या जास्वंदीचा नसून बहुधा लाल अंबाडीच्या मांसल पुष्पकोशांचा असतो. आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात तो रोज तीन पेले याप्रमाणे सहा आठवडे घेणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सरासरी सात अंकांनी उतरल्याचा दाखला आहे. वार्ता सुखद खरी. परंतु त्याच कारणासाठी जो आधीच गोळ्या घेत आहे, त्याला उठताना भोवळ आली तर दोष उन्हाळ्याच्या माथी जातो, पेल्याला कोणी जाब विचारीत नाही.

असाच दुसरा फुलांचा चहा कॅमोमाइलचा; कॅमोमाइल शेवंतीच्या कुळातले. त्याच कुळातल्या गाजरगवताने ज्यांच्या अंगावर पुरळ उठते त्यांनी ते जपूनच घ्यावे, आणि वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध ज्यांना चालू आहे त्यांनी डॉक्टरांच्या संमतीवाचून घेऊच नये. एखाद्या पेल्याने सहसा बिघडत नाही, हे मान्य. आक्षेप आहे तो नित्यनेमाला, आणि डॉक्टरांपुढे औषधांची यादी सांगताना या चहाचा उल्लेख बेलाशक गाळण्याला. वेष्टनावर वनस्पतीचे नेमके नाव व औषधांविषयीचा इशारा ठळक मराठीत छापण्याची सक्ती सरकारने करावी. यात व्यापाऱ्यांनी तक्रार करण्याजोगे मला तरी काही दिसत नाही.