बेण्याची हळद आणि लिंबाचा पाला

शिजवून वाळवलेल्या हळदीची फारशी काळजी नसते, ती वर्षभर टिकते. बेण्याचं तसं नाही, तो जिवंत कंद. फेब्रुवारी-मार्चच्या काढणीपासून जूनच्या लागवडीपर्यंत, म्हणजे नेमक्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, तो कुजू न देता आणि सुकू न देता सांभाळायचा. एकराला साधारण १० क्विंटल बेणं लागतं, तेव्हा नुकसान झालं तर ते किरकोळ नसतं.

जळकोट तसं सोयाबीन-तुरीचं. हळदीचं राज्य तिकडं नांदेड-हिंगोलीकडं. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण विहिरीला पाणी असलं की आमच्याकडचेही अर्धा-एक एकर लावून बघतात. अशाच आमच्या एका चुलतभावाला दुकानदारानं सांगितलं, काढल्या काढल्या सगळं बेणं क्विनॉलफॉस आणि मॅन्कोझेबच्या पाण्यात बुडवा, मग ढीग लावा, चिंता मिटली! घरातल्या म्हाताऱ्यांचं म्हणणं, झाडाच्या सावलीत ढीग लावा, वर हळदीचा आणि लिंबाचा पाला घाला. (आमच्याकडं लिंब म्हणजे कडुनिंब. पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी खुलासा :-))

मी पाल्याच्या बाजूचा. पण 'नैसर्गिक आहे, म्हणजे निर्धोक आहे' म्हणून नव्हे. कोझिकोडची मसाला पिके संशोधन संस्था बेणं खड्ड्यात वाळू-भुशात ठेवताना काजऱ्याचा पाला घालण्याचाही पर्याय देते. काजरा म्हणजे कुचला, ज्याच्यापासून स्ट्रिकनीन मिळतं तो! झाडाचं विष झालं तरी विषच. तंबाखूचा काढा करून फवारणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

माझं कारण वेगळं आहे. ठेवलेलं सगळंच बेणं लागत नाही. पाऊस लांबला, विहिरीनं दगा दिला, की उरलेले गड्डे शिजवायला जातात आणि तिथून बाजारात, कुणाच्या तरी फोडणीत. औषधात बुडवलेला गड्डा आणि न बुडवलेला गड्डा दोन महिन्यांनी ओळखू येत नाही. शिवाय बेणं निवडायला बायका बसतात, उघड्या हातांनी, शेजारी लेकरं खेळत असतात. क्विनॉलफॉसच्या डब्यावर पिवळा त्रिकोण असतो, लालच्या खालोखालचा. २०२० साली केंद्र सरकारनं २७ कीडनाशकांवर बंदी घालायचा मसुदा काढला, त्यात ही दोन्ही नावं होती. आणि २०१७ मध्ये यवतमाळला फवारणीच्या विषबाधेनं किती घरं बसली, ते आपण पाहिलंच आहे.

गंमत म्हणजे त्याच कोझिकोडच्या संस्थेनं साठवणीआधी क्विनॉलफॉस सांगितलंय ते खवले कीड दिसली तर. दुकानाच्या काउंटरपर्यंत येईतो तो 'तर' गळून जातो.

आता पाल्याचंही खरं सांगायला हवं. लिंबातलं अझाडिरॅक्टिन किडीला खाण्यापासून परावृत्त करतं, तिची कात टाकण्याची क्रिया बिघडवतं. झटक्यात मारत नाही. आणि उन्हात ते लवकर निकामी होतं. गड्ड्याला आधीच चिकटलेल्या खवल्यांना वरच्या पाल्याचं काय? कंदमाशीची अळी तर शेतातच कंदात शिरलेली असते, ती ढिगात आपल्यासोबत येते. म्हणजे पाल्याच्या आधी निवड. टणक, निरोगी जेठे गड्डे तेवढे ठेवायचे, मऊ पडलेलं, छिद्र असलेलं सगळं बाहेर. माझ्या मते निम्मं काम इथंच होतं, आणि त्याला ना बाटली लागते ना पाला.

बुडवायचंच असेल तर लागवडीच्या वेळी बुडवावं, तेवढंच, जेवढं लगेच जमिनीत जाणार आहे. कृषी विद्यापीठांची बेणेप्रक्रियाही लागवडीच्या वेळचीच आहे. हातमोजे घालून, आणि घरातल्या भांड्यात तर मुळीच नाही.

चुलतभावाला एवढंच कळवलंय. वर एक सूचना, जी म्हाताऱ्यांनी सांगितली नाही कारण त्यांना ती सांगण्यासारखी वाटलीच नसणार: पाला सावलीत वाळवून मगच घाल. ओला घातलास तर ढीग आतून तापतो, आणि बेणं किडीआधी बुरशीच खाते.