वळीव अस्मानी, बळी सुलतानी

विनोबांच्या १९५७ च्या ग्रामदान परिषदेमुळे मराठी माणसाला परिचित झालेले येलवाल हे मैसूरजवळचे गाव. तेथील एप्रिल-मे महिन्यांतील वादळी दिवस एका ठरावीक क्रमाने पालटतो: सकाळी निरभ्र आकाश, दुपारी असह्य उकाडा, सायंकाळच्या सुमारास काळा ढग, मग धुळीचा लोट आणि शेवटी पाऊस. कर्नाटकात या आम्रसरी, महाराष्ट्रात हाच वळीव. नावे निराळी, भौतिकी एकच. तरीही वृत्तांतून हे वादळ दर वर्षी ‘अचानक’च येते. हा शब्द निरुपद्रवी नाही.

वादळी ढगाला तीन गोष्टी लागतात: जमिनीलगत बाष्प, वरच्या थरांत पुरेशी थंड हवा आणि खालच्या हवेला वर ढकलणारे काही कारण. वर चढणाऱ्या हवेतील बाष्पाचे सांद्रीभवन होते, त्यातून मुक्त झालेली उष्णता हवेला आणखी वर नेते आणि ढगाचा माथा बारा-पंधरा किलोमीटरवर पोहोचतो. पुढे पावसाचे थेंब खालच्या कोरड्या हवेतून पडताना अंशतः वाफ होऊन जातात. त्यामुळे गार व जड झालेली हवा वेगाने खाली कोसळते, जमिनीवर आदळते आणि चहूकडे पसरते. पावसाआधी येणारा धुळीचा लोट तो हाच.

१३ मे २०२४ रोजी मुंबईत असाच धुळीचा वारा सुटला. घाटकोपरला पेट्रोल पंपावर जाहिरातीचा महाकाय फलक कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. पुढे न्यायालयात आरोपीच्या वतीने ही ‘दैवी कृती’ असल्याचा युक्तिवाद झाला.

विद्यार्थ्यांनी येथे एक लहानसा हिशेब करावा. फलक १२० फूट लांब व १२० फूट रुंद होता. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची. म्हणजे क्षेत्रफळ नऊपट. वाऱ्याचा जोर क्षेत्रफळाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तेव्हा नियमातील फलकावर तेवढाच जोर यायला वाऱ्याचा वेग तिप्पट असावा लागला असता. हा तिपटीचा फरक आकाशाने निर्माण केलेला नाही. शिवाय आयएस ८७५ हे भारतीय मानक मुंबईसाठी मूलभूत वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर, धरते. वादळी वारा अभियंत्याला अनोळखी नाही.

मे २०२५ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली, सहा किलोमीटर विभेदनाची ‘भारत’ पूर्वानुमान प्रणाली कार्यान्वित झाली. पूर्वीचे विभेदन बारा किलोमीटर होते. ही प्रगती अभिमानास्पदच आहे. पण वादळी ढगाचा गाभा काही किलोमीटरचाच असतो. वादळास अनुकूल दिवस प्रतिमान सांगू शकते. ढग कोणत्या वस्तीवर कोसळेल, हे रडारच आणि तेही थोडाच वेळ आधी सांगते. शिवाय पूर्वानुमान कितीही अचूक झाले, तरी त्याने फलक एका चौरस फुटानेही लहान होत नाही.

म्हणून अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर वृत्तात दोन आकडे अनिवार्य असावेत: वाऱ्याचा मोजलेला वेग आणि ती रचना ज्या वेगासाठी उभारली होती तो वेग. पहिला दुसऱ्याहून कमी असेल, तर ‘निसर्गाचा कोप’ हे शब्द लिहिणे असत्य ठरेल.