हा रस्ता आपल्याही पायाखालचा

परवाच्या रविवारी मी पैसे मोजून मुंबई बघितली. ह्याच शहरात जन्मलो, वडाळ्याच्या चाळीत वाढलो, व्ही.टी.ला हजारदा उतरलो. पण हेरिटेज वॉक म्हणतात तो प्रकार पहिल्यांदाच केला. सकाळी सातला स्टेशनसमोर वीसेक माणसं जमलेली. गळ्यात कॅमेरे, हातात बाटल्या. रस्ता आपला रोजचाच. दादाभाई नौरोजी रोड, जुना हॉर्नबी रोड. व्ही.टी. ते फाउंटन.

गाइड पोरगा हुशार होता. खोटं एक अक्षर बोलला नाही. १८६० नंतर गव्हर्नर फ्रेअरच्या काळात किल्ल्याच्या भिंती पाडल्या आणि ह्या भागाचं रूप पालटलं, हे त्यानं सांगितलं. अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, मग इथल्या बंदरातून कापूस विलायतेला गेला आणि शेठजींच्या पेढ्यांत पैशाचा पूर आला, तेही सांगितलं. स्टेशन १८८८ ला पुरं झालं, आर्किटेक्ट स्टीव्हन्स. समोरची महापालिका १८९३ ची, तीही त्याचीच. २००४ साली युनेस्कोनं स्टेशनाला जागतिक वारसा ठरवलं. सगळं बरोबर. लोक माना वर करून दगडातले वाघ-सिंह बघत होते.

मी विचारलं, हा दगड फोडला कुणी? वाहून आणला कुणी? पोरगा हसला. म्हणाला, कामगारांनी. बस्स. स्टीव्हन्सला नाव आहे, दगड फोडणाऱ्याला नुसतं अनेकवचन.

महापालिकेपुढे घुमटाची उंची कळली. पण हे शहर रोज पहाटे झाडतं कोण, कोणत्या जातीतून येतं, हे काही निघालं नाही. हातानं मैला उचलायला लावू नये म्हणून १९९३ ला एक कायदा झाला, २०१३ ला दुसरा झाला. तरी माणूस गटारात उतरतो आणि गुदमरून मरतो. त्या घुमटाखाली हा विषय निघायला नको?

पुढे कमानी लागल्या. दुतर्फा इमारतींच्या पोटातून जाणारा सावलीचा रस्ता. सुंदर आहे, कबूल. रात्री त्याच कमानींखाली माणसं पुठ्ठे टाकून झोपतात. आम्ही सातला निघालो तेव्हा पुठ्ठे गोळा झाले होते.

मग आलं आनंद भवन. माझे पाय आपोआप थांबले. गाइडचे थांबले नाहीत. मी म्हटलं, भाऊ, ही इमारत? तो म्हणाला, ते एक कॉलेज आहे. चला, फाउंटनला ऊन होईल.

ते एक कॉलेज!

बाबासाहेबांनी १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज. पुढं ते ह्याच रस्त्यावर नांदलं, आनंद भवनात आणि बुद्ध भवनात. बाबासाहेब गेल्यावर १९५७ ला 'द बुद्धा अँड हिज धम्म' छापला तो ह्याच कॉलेजनं. माझा बाप सकाळी इथं वर्गात बसायचा आणि तिथून चालत गोदीत कामावर जायचा. घरातला पहिला पदवीधर. ह्या रस्त्यावर एक दगडी वाडा राणीच्या नावानं उभा राहिला, तसं एक कॉलेज आमच्या बापांसाठी उभं राहिलं. ह्यातलं वारसा कोणतं आणि 'ते एक' कोणतं, हे ठरवणारे कोण?

फाउंटनला पोचलो. कारंजं १८६४ चं. शेजारी हुतात्मा स्मारक. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आपली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनही समितीत होती. पुढं १९८७ ला राज्य सरकारनं बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड छापला, त्यातल्या 'रिडल्स'वरून काहूर उठलं. फेब्रुवारी १९८८ मध्ये आपला प्रचंड मोर्चा फोर्टात उतरला. आणि मोर्चा परतल्यावर हे स्मारक धुऊन काढलं गेलं. शुद्धीकरण! १९२७ ला महाडचं तळं, १९८८ ला मुंबईचं फाउंटन. मध्ये ६१ वर्षं आणि एक राज्यघटना. गाइडनं कारंज्यावरच्या रोमन देवीची गोष्ट मात्र रंगवून सांगितली.

आपल्यातले काही दोस्त म्हणतील, साहेबांच्या आणि शेठांच्या दगडांत आपलं काय ठेवलंय? जाऊ दे तिकडं. मला हे पटत नाही. सोडून दिलेली जागा रिकामी राहत नाही, दुसरा तिचा इतिहास लिहितो. तो पोरगा लबाड नव्हता. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. आणि आपण तरी कुठं शिकवलं?

वॉक संपल्यावर मी एकटाच दहा मिनिटं चालत काळ्या घोड्याला गेलो. तिथला सातवा एडवर्ड १९६५ ला हलवला, आता तो भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात आहे. २०१७ ला नवा घोडा बसवला, पाठीवर स्वार नाही. समोर एल्फिन्स्टन कॉलेज. १९१२ ला बी.ए. होणारा भीमराव इथलाच विद्यार्थी. लोक घोड्यापुढे फोटो काढत होते. कॉलेजच्या पायऱ्यांकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

तर आता एवढंच करा. एखादा रविवार काढा. बरोबर वस्तीतली चार पोरं घ्या, एखादी म्हातारी घ्या. व्ही.टी.पासून निघा. महापालिकेपुढे थांबा, आनंद भवनापुढे थांबा, फाउंटनला थांबा, एल्फिन्स्टनच्या पायरीवर बसा. प्रत्येक ठिकाणी एकानं बोलायचं. तिकीट नाही. मी पुढल्या रविवारी सातला स्टेशनसमोर उभा आहे. ह्या वेळी पैसे न भरता.