स्वतंत्रपूर : जो परत आला नाही, त्याची नोंद कोण ठेवणार?

१/
सांगोल्याहून पश्चिमेला आटपाडीच्या वाटेने निघाले, की तासाभराच्या अंतरावर एक वसाहत आहे. नाव स्वतंत्रपूर. शिक्षा भोगत असलेले कैदी तिथे बायकामुलांसह राहतात आणि शेती करतात. आमच्या माणदेशात हे नाव बहुतेकांनी ऐकलेले असते. त्यामागचा इतिहास मात्र थोड्यांनाच ठाऊक असतो. म्हणून हा धागा.

२/
वसाहत १९३९ सालची. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. त्याच वर्षी जानेवारीत राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने घडलेली राज्यघटना लागू केली आणि कारभाराचा मोठा वाटा ग्रामपंचायतींकडे सोपवला. ज्या राजाने प्रजेवर विश्वास टाकला, त्याच्याच राज्यात कैद्यांवर विश्वास टाकण्याचा विचार पुढे यावा, हा निव्वळ योगायोग नव्हे.

३/
हा विचार मांडणारे मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे ज्यू अभियंता. बंगळूरच्या कारखान्यातील नोकरीनंतर ते राजपुत्र अप्पासाहेब पंतांच्या स्नेहामुळे औंधात आले. पुढे ‘भारतानंद’ या नावाने ते ओळखले गेले. निसर्गदत्त महाराजांचे संवाद इंग्रजीत आणणारे तेच. उंच भिंतीऐवजी जमीन, विहीर आणि काम यांच्या आधारे कैद्याला माणसांत आणता येईल, ही त्यांची श्रद्धा होती. जोखीम मात्र राजांची होती.

४/
त्या काळी ब्रिटिश मुलखात १८९४ चा कारागृह कायदा चालू होता. त्याचा सारा भर शिस्त, पहारा आणि दंड यांवर. कैद्याला सुधारणे हेही तुरुंगाचे उद्दिष्ट असले पाहिजे, असे १९१९-२० च्या तुरुंग समितीने सांगितले होते. समितीने ते कागदावर लिहिले. औंधासारख्या चिमुकल्या संस्थानाने ते रानात करून पाहिले.

५/
आपल्याला ही कथा ठाऊक आहे ती व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) मुळे. पटकथा ग. दि. माडगूळकरांची, म्हणजे याच माणदेशच्या सुपुत्राची. चित्रपटाला बर्लिनच्या महोत्सवात पारितोषिक मिळाले आणि सहा कैदी व त्यांचा जेलर देशाच्या स्मरणात राहिले. स्वतंत्रपूर मात्र त्या स्मरणातून निसटले.

६/
चित्रपटाने एक गोष्ट दूर सारली, असे मला वाटते. तिथे कैद्यांना सावरते ती जेलरची नजर; तो गेल्यावरही त्याचे दोन डोळे आभाळातून पाहत राहतात. प्रत्यक्ष वसाहतीचे बळ याहून साधे आहे : कसायला जमीन, हातात काम आणि संध्याकाळी परतायला स्वतःचे घर. महात्मा दर पिढीत जन्माला येत नाही. जमीन आणि घर यांची तजवीज सरकारला करता येते.

७/
तरी त्याच चित्रपटात एक खरा प्रसंग आहे. कैदी स्वतः पिकवलेली भाजी बाजारात नेतात आणि तिथले व्यापारी त्यांच्यावर उलटतात. माणूस बदललेला असतो. बाजार बदललेला नसतो. सुटून आलेल्या कैद्याचा प्रश्न नेमका इथे सुरू होतो.

८/
आता आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी या. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या होत्या. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती. कसलाही गुन्हा सिद्ध न झालेली कुटुंबे तिथे हजेरी देत आणि गिरण्यांत राबत. त्या भागाला आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. म्हणजे १९३९ साली आटपाडीत शिक्षा झालेली माणसे कुंपणावाचून राहत होती आणि सोलापुरात शिक्षा न झालेली माणसे कुंपणात.

९/
३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. शिक्का गेला नाही. १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि संशय जुन्याच वस्त्यांभोवती घुटमळत राहिला. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने कारागृह नियमावल्यांतील जातिनिहाय कामवाटप घटनाबाह्य ठरवले, ते २०२४ साली. पंच्याहत्तर वर्षांचे स्वातंत्र्य त्या नियमावल्यांपर्यंत पोचायला इतका वेळ लागला.

१०/
इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला अडवणारा प्रश्न निराळा आहे. जुन्या तुरुंग अहवालांत कैद्यांची आजारपणे, मृत्यू, शिक्षा मोजलेल्या सापडतात. पुन्हा तुरुंगात आलेल्यांचीही मोजदाद असते. जो सुटला, गावी गेला, नांगराला लागला आणि परत आला नाही, तो कागदांतून नाहीसा होतो. दप्तराला अपयश दिसते; यश त्याच्या नजरेआड घडते.

११/
म्हणून या विषयाचा अभ्यासक तुरुंगाच्या दाराशी थांबू शकत नाही. १९५१-५२ मध्ये अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञ वॉल्टर रेकलेस यांनी भारतातील तुरुंगांची पाहणी केली; १९८० च्या दशकात न्या. मुल्ला समितीने सविस्तर अहवाल दिला. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून बंदी आणि सुटलेल्या माणसांसोबत काम करतो आहे. अध्यापन आणि प्रत्यक्ष काम यांची अशी सांगड घालणारे प्राध्यापक आपल्याकडे विरळाच.

१२/
आक्षेप ठाऊक आहे : ज्याच्या घरचा माणूस मारला गेला, त्याने हे सारे शांतपणे पाहायचे का? प्रश्न न्याय्य आहे आणि त्याला झटकून टाकणारी सुधारणा अपुरीच. पण शिक्षा संपल्यावर कैदी त्याच तालुक्यात परतणार आहे. तो काम, घर आणि ओळख घेऊन परतावा, की रिकाम्या हातांनी? पीडित कुटुंबाची सुरक्षितताही याच उत्तरावर अवलंबून आहे.

१३/
आणखी एक मर्यादा. खुले कारागृह शिक्षा झालेल्या, वर्तन चांगले असलेल्या निवडक बंद्यांसाठी असते. देशाच्या तुरुंगांत मात्र दर चारांपैकी सुमारे तीन जण न्यायाधीन आहेत, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही. त्यांच्या वाट्याला स्वतंत्रपूर येत नाही. येते ती गर्दीची बराक.

१४/
प्रबंधासाठी हा विषय सांगितला, तेव्हा घरातल्याच एका वडीलधाऱ्यांनी विचारले, ‘चोरा-खुन्यांचा इतिहास लिहून काय मिळणार?’ त्यांना मी एवढेच म्हणालो, की गडकोटांचा इतिहास आपण पुष्कळ लिहिला. एका गावाने सुटून आलेल्या माणसाला पुन्हा कसे सामावून घेतले, हाही महाराष्ट्राचाच इतिहास आहे.

१५/
स्वतंत्रपुरातून शिक्षा संपवून गेलेल्यांची मुले-नातवंडे आज कुठेतरी आपापला संसार करत असतील. त्यांची नावे उघड करण्याचा हक्क आपल्याला नाही. पण ज्यांना बोलायची इच्छा असेल, त्यांच्या आठवणी नाव झाकून टिपून ठेवता येतील. आमच्या भागातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हे काम हाती घ्यावे, अशी माझी विनंती आहे. सांगणारी पिढी थकत चालली आहे आणि दप्तरात त्यांच्यासाठी रकाना नाही.